घरी आणि घरात

इंग्रजी शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्या भाषेतले अवघड शब्द विद्यार्थी पाठ करतात आणि सोप्या शब्दांपाशी अडतात, हा माझा अनुभव. 'होम' हा त्यांतला पहिला. आठवीच्या मुलांना हा शब्द ठाऊक असतो, त्याचे स्पेलिंग चुकत नाही, अर्थ विचारला तर सारा वर्ग एका सुरात 'घर' म्हणतो. पण वाक्यात वापरा म्हटले की दहांपैकी सात वह्यांत 'आय ॲम गोइंग टू होम' असे येते. शाळेला जाताना 'टू', बाजाराला जाताना 'टू', मग घरी जाताना का नाही, हा मुलांचा प्रश्न रास्त होता. पाठ्यपुस्तक एवढेच सांगे की 'होम'पूर्वी 'टू' लावू नये.

कारण असे की त्या वाक्यात 'होम' हे नाम राहतच नाही. ते क्रियाविशेषण होते, म्हणजे 'तिकडे', 'वर', 'खाली' यांच्या पंक्तीला जाऊन बसते. 'तिकडेला जातो' असे आपण म्हणत नाही, तसेच ते. 'हाऊस'ला मात्र ही सवलत नाही. 'हाऊस'कडे जायचे तर 'टू' लावावाच लागतो. घराला दोन शब्द आहेत आणि त्यांतला एक वस्तूचे नाव सांगतो, दुसरा दिशा दाखवतो, हा इंग्रजीचा मोठा विशेष म्हणून मीही पुष्कळ वर्षे शिकवीत आले. मराठीत दोन्हींना एकच 'घर', असे ओघाने म्हटले जाई.

परंतु मराठीला हा भेद ठाऊक नाही असे मुळीच नाही. तिने तो शब्दात न ठेवता प्रत्ययात ठेवला आहे. 'घरी' आणि 'घरात' ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहावीत. साप निघतो तो घरात. पाहुणे येतात ते घरी. पावसाचे पाणी घरात शिरते. मुलगा सुट्टीला घरी येतो. वडील ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले असले तर ते घरी असतात, पण घरात नसतात. दाराशी आलेल्या माणसाने 'आहेत का घरी?' असे विचारायचे आणि आतून 'आहेत, बसा, घरात आहेत, बोलावते' असे उत्तर यायचे. या एका देवघेवीत दोन्ही रूपे आपापल्या जागी चपखल बसतात आणि ती कोणी कोणाला शिकवलेली नसतात. 'घरात' म्हणजे भिंतींच्या आत. 'घरी' म्हणजे काय ते सांगणे कठीण, पण भिंतींशी त्याचा संबंध थोडाच.

हा 'ई' जुन्या मराठीतला सप्तमीचा प्रत्यय. एके काळी तो पुष्कळ शब्दांना लागे. आज बोलण्यात मोजक्या ठिकाणी उरला आहे. सकाळी, दुपारी, रात्री असे काळाचे शब्द सोडले आणि जागांचे शब्द पाहू गेले तर कोणते हाती लागतात? घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी. दवाखान्यात, कचेरीत, शाळेत, बँकेत जाताना आपल्याला 'त' लागतो. ज्या जागांशी नाते असते त्यांनीच तेवढा जुना प्रत्यय जपून ठेवला आहे. यात कोणा व्याकरणकाराचा हात नाही, लोकांच्या जिभेनेच ही निवड केली.

नव्या जागांना तर आपण 'वर' लावतो. शिकायला गेलेला मुलगा रूमवर जातो, नोकरीला लागलेला फ्लॅटवर जातो. माझा पुतण्या (भावाचा मुलगा असला तरी आमच्याकडे मी त्याला भाचा न म्हणता पुतण्याच म्हणते, ही माझी लाडकी खोड) पुण्यात स्वतःची सदनिका घेऊनही चार वर्षे 'फ्लॅटवर निघालो' असे फोनवर सांगे. हप्ते वेळेवर जात होते, दारावर नावाची पाटी होती, तरी 'घरी' म्हटले की त्याला सेनगावच अभिप्रेत असे. त्याला मुलगी झाली, ती रांगू लागली आणि एके दिवशी बोलता बोलता तो म्हणाला, 'आत्या, मी घरी गेलो की फोन करतो.' त्याच्या लक्षात आले नाही. माझ्या आले.

माहेराविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. 'माहेर' हा शब्द मातृगृहापासून आला, आईचे घर. 'सासर' हे सासऱ्याचे. पुरुषाच्या बोलण्यात एक घर असते, बाईच्या बोलण्यात दोन, आणि त्या दोन्हींना वेगवेगळी नावे असल्यामुळे 'माझे घर' असे म्हणण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येते. मी इंग्रजीत कोणाला पत्र लिहिताना 'माहेरी गेले होते' एवढे तीन शब्द उतरवू शकले नाही. 'आईचे घर' म्हटले तर ते फक्त आईचे होते. 'आईवडिलांचे घर' म्हटले तर मी तेथे पाहुणी ठरते. आणि नुसते 'होम' म्हटले तर मग मी जिंतूरला जेथे चाळीस वर्षे संसार केला ते काय, असा प्रश्न उभा राहतो. सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलत मिळते, तिच्या नियमांत होम टाउनला 'स्वग्राम' असा सुंदर शब्द योजला आहे. माझ्या यजमानांनी त्या रकान्यात जिंतूर लिहिले. त्यामुळे माझे स्वग्रामही जिंतूर झाले. तक्रार म्हणून हे सांगत नाही. माझे पन्नास टक्के तरी स्वग्राम सेनगाव आहे, हे लिहिण्याला त्या अर्जात जागा नव्हती, इतकेच.

आणि 'स्वग्राम' हे भाषांतर वाटते त्याहून अधिक अचूक आहे. 'होम'चे जुन्या इंग्रजीतले रूप 'हाम'. त्याचा अर्थ केवळ राहण्याची वास्तू असा नव्हता. वस्ती, खेडे, गाव असाही होता. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या नावांच्या शेवटी जो 'हॅम' आहे तो हाच. आपल्याकडे नावाच्या शेवटी 'गाव' येतो त्याच रीतीने त्यांच्याकडे 'हॅम' आला. म्हणजे सेनगावातला 'गाव' आणि बर्मिंगहॅममधला 'हॅम' एकाच कामावर नेमलेले शब्द आहेत. आपण एखाद्याला 'तुमचे गाव कोणते?' असे विचारतो तेव्हा तो हल्ली कोठे राहतो हे आपल्याला विचारायचे नसते. राहण्याचे ठिकाण विचारायचे असते तेव्हा आपण 'असता कुठे?' म्हणतो. हा फरक मराठवाड्यातल्या लहान मुलालाही कळतो.

आमचे सेनगाव तालुक्याचे ठिकाण असले तरी मोठे नव्हे. याच तालुक्यातून कयाधू नदी हिंगोलीकडे जाते. शेतात सोयाबीन, तूर, हळद. माझी आई १९५५ साली लग्न होऊन तेथे आली तेव्हा गाव हैदराबाद राज्यात होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ते मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. त्यानंतर एकोणचाळीस वर्षे आमच्या पत्रांवर 'जिल्हा परभणी' असे आणि १ मे १९९९ पासून 'जिल्हा हिंगोली'. या एवढ्या उलथापालथीत आमचे घर आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही; पत्ता मात्र त्याच्याभोवती तीन वेळा बदलला.

ते घर माळवदाचे. सागवानी खांब आणि तुळया, वर फळ्या, फळ्यांवर काडीकुडी आणि त्यावर चांगली हातभर मातीची गच्ची. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. शिरताच ढाळज, मग चौक, पलीकडे बैठक, माजघर, देवघर, आणि भिंतीत धान्याचे बळद. अशी घरे मराठवाड्यात खणांवर मोजतात. आमचे अकरा खणांचे. उन्हाळ्यात भर दुपारीही त्यात गारवा असे. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून आलेला तो पुतण्या माळवदावर चढून, छत्री उघडून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसे, कारण फोनची रेंज तेथेच मिळे. त्याच्या साहेबाने 'वर्क फ्रॉम होम' करायला सांगितले होते आणि तो त्या आज्ञेचे शब्दशः पालन करीत होता.

इंग्रजी 'होम' आपल्या बोलीत किती रुळला आहे हे त्या दिवसांत ध्यानात आले. होमवर्क आणि होमगार्ड जुनेच. मग होम लोन, होम डिलिव्हरी, होम क्वारंटाइन. दूरचित्रवाणीवर 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम २००४पासून वर्षानुवर्षे चालला आणि राज्याच्या गृहमंत्र्यांपेक्षा घरच्या गृहिणीला ते पद अधिक शोभते हे त्याने घरोघरी पटवले. होमिओपॅथीचा मात्र यांत समावेश करू नये. तेथला 'होमिओ' ग्रीक असून त्याचा अर्थ 'समान' असा आहे. आणि आपला मूळचा होम तर अग्नीत आहुती देण्याचा. तोही घराशी अगदीच असंबद्ध नाही, असे घरकर्जाचे हप्ते फेडणारे कोणीही सांगेल.

आपल्या 'घर' शब्दाचा संसारही लहान नाही. चष्म्याला घर असते, सोंगटीला पटावर घर असते, ग्रहांना कुंडलीत घर असते. गोष्ट मनात घर करते. घर चालते, घर भरते, घर बसते. हे शेवटचे जरा जपून वापरावे, कारण विधवेचे किंवा पोरक्या मुलीचे घर बसले तर आनंद आणि माळवदाचे घर बसले तर आकांत. खरेदीखतात आणि मृत्युपत्रात 'राहते घर' असा शब्दप्रयोग येतो, तो मला फार आवडतो. राहतात माणसे, पण कागद म्हणतो, घर राहते.

२०११च्या जनगणनेत इतर अनेक शिक्षकांप्रमाणे मीही प्रगणक होते, परभणीत. प्रशिक्षणात आम्हांला दोन व्याख्या घोकून घेतल्या होत्या. 'जनगणना घर' म्हणजे स्वतंत्र मुख्य दार असलेली इमारत किंवा इमारतीचा भाग. आणि 'कुटुंब' म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी व एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. पहिली व्याख्या दारावरून, दुसरी चुलीवरून. प्रशिक्षण देणारे अधिकारी इंग्रजी पुस्तिकेतून वाचीत होते, पण आम्हां बायकांना ते नवीन वाटले नाही. दोघे भाऊ एका वाड्यात राहत असून वेगळे झाले असे कधी म्हणायचे, तर चूल वेगळी झाली तेव्हा. इंग्रजीने दोन शब्द केले, सरकारने दोन व्याख्या केल्या, आपल्या आज्यांनी चूल पाहिली.

त्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री करायची होती. माझ्या वाट्याला सहकाऱ्यांसह रेल्वे स्थानकाचा परिसर आला. फलाटाच्या टोकाला घोंगडी पांघरून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. नाव, वय लिहून झाल्यावर मी विचारले, 'बाबा, घर कुठे?' त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाचे नाव सांगितले, गल्ली सांगितली, दारातला कडुलिंब सांगितला. घर पडून किती वर्षे झाली तेही सांगितले. मी अर्जाकडे पाहून घुटमळले तेव्हा तेच समजावणीच्या सुरात म्हणाले, 'घर हाय बाई. राहाया नाही, एवढंच.' नियमाप्रमाणे त्यांची नोंद बेघर अशीच करायची होती आणि ती तशीच झाली.

घरी परतताना माझ्या मनात 'अनगार' हा शब्द घोळत होता. अगार म्हणजे घर. आपल्या शास्त्रांत व्रतींचे दोन भेद सांगितले आहेत, अगारी आणि अनगार. एक गृहस्थ, दुसरा मुनी. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी आपल्या ग्रंथाचे सागारधर्मामृत आणि अनगारधर्मामृत असे दोन भाग केले ते याच भेदावर. इंग्रजी भाषांतरात अनगाराला 'होमलेस' असे म्हटलेले मी वाचले आहे आणि तो शब्द मला खटकला होता. फलाटावरच्या गृहस्थांचे घर काळाने हिरावून घेतले होते. अनगार ते स्वतः सोडून निघालेला असतो. दोघांना एकच शब्द लावणे म्हणजे उपवासाला उपासमार म्हणणे.

तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी टीकेत पूज्यपाद आचार्यांनी या ठिकाणी एक शंका उपस्थित केली आहे, ती मोठी मार्मिक आहे. मुनी ओसाड घरात किंवा देवळात उतरला तर तो अगारी होईल काय? आणि काही कारणाने घर सोडून वनात जाऊन राहिलेला, पण मनातली तृष्णा न सुटलेला माणूस अनगार होईल काय? आचार्य उत्तर देतात की येथे अगार म्हणजे भावागार अभिप्रेत आहे. ज्याच्या मनातून घराची ओढ गेलेली नाही तो वनात राहिला तरी अगारीच. ती ओढ ज्याला नाही तो घरात राहिला तरी अनगार. इमारतीचे घर आणि भावाचे घर, असा भेद आपल्या आचार्यांनी दीड हजार वर्षांच्या सुमारास करून ठेवला होता, हे मला इंग्रजीचे व्याकरण शिकवताना आठवायला हवे होते खरे तर. म्हातारेबाबा त्या हिशेबाने पक्के अगारी होते. आणि माझी आईही.

आता आईचे सांगते.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचा धक्का बसला. तीव्रता ४.५. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा तेवढाच. पहिल्या वेळी आई, वय वर्षे शहाऐंशी, देवघरात जप करीत बसली होती. बळदाची फळी हलली, माळवदातून मातीची बारीक धार तिच्या खांद्यावर पडली. ती जपमाळ हातात घेऊन चौकात आली, आणि जप तेथे उभ्याने पुरा केला. नंतर आम्हां तिघा भावंडांना तिने फोन केले ते 'तुमच्याकडे काही झालं नाही ना?' हे विचारायला.

मराठवाड्यात भूकंप म्हटला की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे झोपेत गेली, आणि पुष्कळांवर जे कोसळले ते त्यांचेच घर होते. भूकंपाने जितकी माणसे मारली नाहीत तितकी त्या भिंतींनी आणि माळवदांनी मारली, असे तेव्हा जाणकार म्हणत. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकायची. जुनी कोणी काढीत नसे. चाळीस-पन्नास वर्षांत छपरावर डोंगर चढतो. भिंत बाहेरून एक, आतून एक अशा दोन पाखांची, मधे दगडगोटे आणि चिखल. दोन्ही पाखांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की पाखे सुटतात आणि वरचा भार खाली येतो. किल्लारीनंतर आमच्या वडिलांनी माणसे लावून माळवदावरची वीतभर माती उतरवली होती. पण वडील गेल्यावर गळती लागली की पुन्हा माती, हा क्रम सुरूच राहिला.

जुलैच्या धक्क्यानंतर दादा पुण्याहून आला, धाकटा छत्रपती संभाजीनगरहून आला, मी जिंतूरहून गेले. आईने तेथे एकटे राहू नये यावर आमचे एकमत होते. प्रश्न कोठे न्यायचे हा होता. दादाचे घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बिघडलेली. धाकट्याकडे दोघेही दिवसभर नोकरीवर. मुलीकडे कायमचे राहायला आई तयार होणार नाही, हे तिने न सांगताच आम्हांला ठाऊक. दादाने सोबत एक रंगीत पुस्तिका आणली होती. पुण्याबाहेर ज्येष्ठांसाठी काढलेले एक वसतिस्थान. कांदा-लसूणविरहित जेवण, सूर्यास्तापूर्वी भोजनाची सोय, चोवीस तास परिचारिका, दर्शनाला गाडी. दादाने यात काही कमी-जास्त करून सांगितले नाही. तो आईच्या काळजीने खरोखर झिजला होता.

'आई, नुसतं बघून तर ये. आवडलं नाही तर नको,' तो म्हणाला. 'वृद्धाश्रम नाही हा. होम आहे.'

'कसला होम?' आईने विचारले. 'शांतीचा?'

पुतण्या हसला. 'आजी, होम म्हणजे इंग्लिशमध्ये घर.'

'मग घर म्हणा की,' आई म्हणाली. 'तसं का म्हणत नाहीत?'

कोणी उत्तर दिले नाही. मी एकतीस वर्षे हा विषय शिकवूनही दिले नाही. इंग्रजीत 'होम'ला 'अ' हे उपपद लागले की अर्थ फिरतो, हे मला माहीत होते. 'ॲट होम' असलेला माणूस आपल्या जागी सुखाने असतो. 'इन अ होम' असलेला माणूस संस्थेत ठेवलेला असतो. एका अक्षराने घर पालटते. त्या लोकांनाही 'आश्रम' म्हणणे जड गेले असणार, म्हणून त्यांनी भाषेतला सर्वांत मऊ शब्द त्या जागेवर पांघरला, आणि आता आपण तो तसाच आयात केला आहे. मराठीत ही पांघरूण घालण्याची सोय नाही. 'आईला घरी ठेवले' याचा अर्थ मराठीत एकच होतो.

या संस्थांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझ्या एक सहशिक्षिका, मूलबाळ नसलेल्या, अशाच एका ठिकाणी सहा वर्षे आहेत आणि भेटायला गेले की मलाच चार दिवस राहण्याचा आग्रह करतात. ज्याच्या मागे चूल उरली नाही त्याला तेथे चूल मिळते. आईची चूल मात्र पेटती होती.

दादाने भिंतींचे सांगितले, किल्लारीचे सांगितले. मीही सांगितले. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, 'घरात झोपू नको म्हणता ना? नाही झोपत. अंगणात बाज टाकीन. पण घरी कुणी नको का?'

दोन्ही रूपे तिने एका दमात, इतकी नेमकी वापरली की मी पुढचे काही क्षण आई काय म्हणते आहे यापेक्षा कशी म्हणते आहे हेच ऐकत राहिले. घरात नसले तरी चालेल, घरी असले पाहिजे. आमचा सारा वाद भिंतींशी होता आणि भिंती तर तिने केव्हाच सोडून दिल्या होत्या. 'घरी कुणी' म्हणजे कोणासाठी, असे धाकट्याने विचारले. तिने बोटांवर सांगितले: शेताचा हिशेब घेऊन बटाईदार येतो तो कोणाकडे येणार? विहाराला निघालेला संघ गावात आला तर आहाराची सोय कोण करणार? गल्लीतल्या दोन मुली शाळेतून येऊन आई रानातून येईपर्यंत ढाळजेत अभ्यास करतात, त्या कोठे बसणार? आणि तुम्ही लोक दिवाळीला येता ते कोणाकडे येता? 'कुलूप बघायला येणार का?'

दुसऱ्या दिवशी धाकट्याने ओळखीचे अभियंते आणले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, खांबांच्या बुंध्याला वाळवी लागली आहे का ते पाहिले. लाकडी सांगाडा अजून उत्तम आहे, धोका माथ्यावरच्या मातीचा आणि फुगलेल्या पश्चिमेच्या भिंतीचा आहे, असे त्यांनी सांगितले. मग ठरले ते असे. माळवदाची सारी माती उतरवायची आणि तुळयांवर हलके पत्रे टाकायचे. पश्चिमेकडचे चार खण पाडायचे. परसात पाया घेऊन, काँक्रीटचे पट्टे बांधून एक खोली आणि लागून न्हाणीघर बांधायचे. आई रात्री तेथे झोपेल. देवघर, चूल आणि ढाळज जुन्या घरातच राहतील. रात्री सोबतीला गल्लीतल्या एका बाई येतील. पावसाळ्याचे दोन महिने आईने आम्हां तिघांकडे पाळीपाळीने यावे, अशी एक अट दादाने घातली. आईने ती मान्य केली आणि मागच्या वर्षी पंधरा दिवसांत मोडली.

माती उतरवायला तीन माणसांना अकरा दिवस लागले. ट्रॉल्या भरभरून ती शेतात नेली. पत्र्यांमुळे उन्हाळ्यात आता घर तापते आणि आई त्याबद्दल अभियंत्यांना अधूनमधून बोल लावते. खोली झाली, फरशी झाली, उंबऱ्याजवळ धरायला दांडा बसवला. पुतण्याने तेथे पंखा, दिवा आणि संकटकाळी दाबायची घंटा बसवली. ती घंटा आईने आजवर एकदाच वाजवली, ती चालते की नाही ते पाहण्यासाठी, पहाटे साडेचार वाजता.

मी रोज सकाळी सातला फोन करते. कधी ती लगेच घेते, कधी घेत नाही. 'अगं, खोलीवर होते तेव्हा वाजला असेल. आत्ताच घरी आले,' असे मग सांगते. परसातली खोली ते माजघराचे दार हे अंतर मी मोजले आहे. चोवीस पावले आहे.

आता पुन्हा जनगणना होणार आहे. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि घरांची यादी त्याआधी होईल. सेनगावच्या त्या गल्लीत जो कोणी शिक्षक किंवा शिक्षिका प्रगणक म्हणून जाईल, त्यांच्यापुढे आमच्या घराचा पेच येणार. दारे दोन, इमारती दोन, चूल एक, माणूस एक. आणि दिवाळीच्या आठवड्यात गेले तर माणसे चौदा. मी आईला सांगून ठेवले आहे की कोणी लिहायला आले तर मला फोन लाव, मी त्यांना नियम समजावून सांगेन. 'कशाला?' ती म्हणाली. 'मी घरीच असते. मीच सांगेन.'